कारचा ईक्वलायझर लावताय? या चुका टाळा

८० हर्ट्झवर बेस (खालचा, घुमणारा आवाज) कमी पडतोय, म्हणून ईक्वलायझरची (ईक्यूची) ती पट्टी वर सरकवायची, ही सगळ्यात महागडी चूक. आणि सगळ्यात लाडकीही.

दरवाजात साडेसहा इंची स्पीकर, डिकीत सबवूफर (सब, फक्त बेस वाजवणारा मोठा स्पीकर), दोघांत आवाज वाटून देणारा क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर. ड्रायव्हरच्या सीटवर बसलं की नेमका तिथलाच बेस गायब. मालक ३ डीबी (डेसिबल) चढवतो, मग ६, मग ९. बेस येत नाही तो नाहीच. येणार कसा? सबचा आणि दरवाजाचा आवाज त्या जागी एकमेकांना खोडतोय. दोघांनाही सारखंच चढवलं की खोडणंही तेवढंच वाढतं. शिवाय ३ डीबीला अँप्लिफायरची दुप्पट ताकद लागते, ९ डीबीला आठपट. जिथे ४० वॅट पुरत होते तिथे ३२० मागितले की अँप क्लिप होतो (आवाजाच्या लाटेचे शेंडे छाटतो), आणि थोड्याच दिवसांत दरवाजातून कॉइल जळल्याचा वास. मग स्पीकरला शिव्या घालत नवी जोडी घ्यायची आणि तीही तशीच जाळायची.

आधी सगळ्या पट्ट्या शून्यावर आणा. ८० हर्ट्झचा टोन हळू आवाजात लावा आणि सबचा फेज स्विच (आवाजाची लाट उलटी करणारा) ० वरून १८० अंशांवर करून बघा. स्विच नसेल तर अँप बंद करून सबच्या प्लस-मायनस वायरी उलटा. ज्या जोडणीत आवाज मोठा, ती ठेवा. मग टेप घेऊन प्रत्येक स्पीकरपासून डोक्यापर्यंतचं अंतर मोजा. सगळ्यांचा आवाज एकाच वेळी कानाशी यावा म्हणून जवळच्या स्पीकरला डिले द्यायचा, म्हणजे त्याचा आवाज जरा उशिरा सोडायचा. सगळ्यात लांबच्या स्पीकरला डिले शून्य. बाकीच्यांना अंतराच्या फरकाइतका, दर ३४ सेंटिमीटरला १ मिलिसेकंद. एवढं झाल्यावरच ईक्यू उघडायचा, आणि तोही उंचवटे कापायला. वर न्यायचंच तर २-३ डीबी, बस्स.

फोनच्या अॅपमधला ईक्यू, हेड युनिटचा (डॅशबोर्डवरच्या स्टिरिओचा) लाउडनेस आणि अँपचा बेस बूस्ट: तिन्ही बंद. एकावर एक तीन थर चढवून वर ‘आवाज फाटतो’ म्हणायचं नाही.

अँपवरचा गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे; तो हेड युनिटच्या सिग्नलशी अँपची पातळी जुळवायला असतो.

पिंक नॉइजवर (मोजणीसाठी वाजवायचा खरखरीसारखा आवाज) मोजताना लोक माइक एकाच जागी रोवतात. सेंटिमीटरभर हलवला तरी वरच्या पट्ट्यांचा आलेख बदलतो. डोक्याच्या जागेभोवती पाच-सहा ठिकाणी मोजून सरासरी घ्या, डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी. आणि आलेख पट्टीने आखल्यासारखा सपाट करायच्या मागे लागू नका. कारमध्ये तो पातळ आणि टोचरा वाजतो. ६० हर्ट्झच्या खाली ६ ते १० डीबी जास्त आणि वर जाताना हलका उतार, हा आकार कानाला बरा लागतो.

दरवाजाचा खडखडाट ईक्यूने जात नाही. पॅनेल उघडा, सैल क्लिप बदला, कंपन दाबणारी डँपिंग शीट लावा, मग पुन्हा मोजा.