ब्राउझर मायनिंगमधून वेबसाइटची कमाई करताय? या चुका टाळा

वाचकाने पान उघडलं की त्याच्या प्रोसेसरचा थोडा वेळ उसना घ्यायचा, त्यावर क्रिप्टोचलनाची आकडेमोड करायची आणि जे हाती येईल त्यावर जाहिरातींशिवाय साइट चालवायची, ही कल्पना दर वर्ष-दोन वर्षांनी कुणाला तरी नव्याने सुचते. सुचण्यासारखीच आहे ती. मग स्क्रिप्ट बसते, आठवडाभराने वॉलेटमध्ये शून्याच्या पुढे चार शून्यं दिसतात आणि साइटमालक कोडमधली चूक शोधायला लागतो. बहुतेकदा कोड ठीक असतो. चूक त्याच्या कितीतरी आधी, हिशेबात झालेली असते. म्हणून तपासणीही त्याच क्रमाने करावी: आधी हिशेब, मग संमती आणि सर्वांत शेवटी स्क्रिप्ट.

जुने आकडे खरे धरणं

ब्राउझर मायनिंगबद्दल शोधलं की जे लेख सापडतात त्यांतले बरेच २०१७-१८ सालचे असतात. तो काळ कॉइनहाइव्हचा होता. सप्टेंबर २०१७मध्ये ही सेवा सुरू झाली. दोन-चार ओळींची स्क्रिप्ट पानात टाकायची, मोनेरो नावाचं क्रिप्टोचलन तयार व्हायचं, ७० टक्के साइटमालकाला आणि ३० टक्के कॉइनहाइव्हला. ब्राउझरमध्ये बिटकॉइन काढायचे प्रयोग २०११पासून झाले होते, पण बिटकॉइनच्या खास यंत्रांपुढे साध्या संगणकाचं काही चालत नव्हतं. मोनेरोचा तेव्हाचा अल्गोरिदम (आकडेमोडीची पद्धत), क्रिप्टोनाइट, साध्या प्रोसेसरलाही झेपणारा होता. शिवाय वेबअसेंब्ली, म्हणजे ब्राउझरमध्ये जड आकडेमोड वेगाने चालवायची सोय, त्याच वर्षी सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आली आणि जावास्क्रिप्टपेक्षा बराच जास्त वेग मिळू लागला. दोन गोष्टींचा मेळ बसला, एवढंच.

तो मेळ दीड वर्ष टिकला. ८ मार्च २०१९ला कॉइनहाइव्ह बंद झालं. मोनेरोचा घसरलेला भाव आणि अल्गोरिदममधले बदल यांमुळे आता परवडत नाही, असं त्यांनीच सांगितलं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मोनेरोने रँडमएक्स हा नवा अल्गोरिदम स्वीकारला आणि ब्राउझरची उरलीसुरली सोयही गेली. रँडमएक्सला पूर्ण वेगासाठी दोन गिगाबाइटपेक्षा जास्त मेमरी लागते. कमी मेमरीच्या पद्धतीत २५६ मेगाबाइटवर भागतं, पण वेग खूप पडतो. त्यातच त्याला अपूर्णांक कसे पूर्ण करायचे (राउंडिंग) याचे वेगवेगळे प्रकार प्रोसेसरकडून हवे असतात, आणि ती सोय वेबअसेंब्लीत नाही. ती नक्कल करून भागवावी लागते. म्हणजे ज्या संगणकावर मूळ मायनर (ब्राउझरबाहेर थेट चालणारा मायनिंगचा प्रोग्रॅम) धावतो, त्याच संगणकावर ब्राउझर रांगतो.

तेव्हा २०१८च्या लेखातला 'दिवसाला इतके वाचक, महिन्याला इतकी कमाई' हा तक्ता सरळ बाजूला ठेवा.

जाता जाता एक काम. साइटच्या जुन्या पानांत कॉइनहाइव्हची स्क्रिप्ट अजून पडून असेल तर आजच काढा. ते डोमेन पुढे सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांच्या हाती आलं आणि ती स्क्रिप्ट अजून मागवणाऱ्या साइटींच्या वाचकांना त्यांनी २०२१मध्ये सावधगिरीची सूचना दाखवली. ते डोमेन एखाद्या भामट्याने घेतलं असतं तर तुमच्या वाचकांसमोर काय उघडलं असतं, याचा विचार करा.

हिशेब न करता स्क्रिप्ट बसवणं

हा हिशेब कागदावर पाच मिनिटांत होतो, आणि तोच सगळ्यात कमी लोक करतात.

मोनेरोचा एक ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा एक गठ्ठा, साधारण दोन मिनिटांनी सापडतो, म्हणजे दिवसाला ७२०. जून २०२२पासून प्रत्येक ब्लॉकमागे ०.६ मोनेरो मिळतात. म्हणजे जगभरातल्या सगळ्या मायनरना मिळून दिवसाला ४३२ मोनेरो, व्यवहारांचं किरकोळ शुल्क वेगळं. हॅश म्हणजे या आकडेमोडीचा एक प्रयत्न; नेटवर्कचा एकूण वेग सेकंदाला काही अब्ज हॅश असतो. तो रोज बदलतो, म्हणून हिशेबाच्या दिवशीचा आकडा घ्या. इथे सोयीसाठी ४ अब्ज धरू.

आता तुमची बाजू. समजा, संमती दिलेल्या वाचकाच्या ब्राउझरमधून सेकंदाला ५० हॅश मिळतात आणि असे १०० वाचक चोवीस तास, कायम पानावर आहेत. एकूण वेग ५,००० हॅश. नेटवर्कमधला वाटा ८ लाखांत एक. ४३२ला ८ लाखांनी भागलं तर दिवसाला ०.०००५४ मोनेरो. वर्षाला साधारण ०.२. पूलचं, म्हणजे अनेक मायनरना एकत्र करून कमाई वाटणाऱ्या सेवेचं, शुल्क यातून अजून जायचंय.

'कायम १०० वाचक' याचा अर्थही नीट लावा. सरासरी भेट दोन मिनिटांची असेल तर त्यासाठी दिवसाला ७२,००० भेटी लागतात, आणि त्याही सगळ्या होकार दिलेल्या. इतके वाचक ज्याच्याकडे आहेत त्याला पैसे कमवायचे दुसरे चांगले मार्ग आहेत. आणखी खुपणारी गोष्ट म्हणजे एखादा चांगला डेस्कटॉप प्रोसेसर मूळ मायनर चालवून सेकंदाला १०,००० हॅशच्या वर जातो. घरातला एक संगणक तुमच्या अख्ख्या वाचकवर्गाच्या दुप्पट काम करतो.

माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका, तुमचे घाला. ५०ऐवजी २०० हॅश धरले तरी वर्षाला ०.८ मोनेरोच होतात. त्या दिवसाचा भाव लावा आणि मगच पुढचं वाचा.

न विचारता वाचकाचा प्रोसेसर वापरणं

वरच्या हिशेबात वाचकाचा खर्च आलाच नव्हता. समजा, मायनरमुळे प्रत्येक संगणक १० वॅट जास्त वीज ओढतो. १०० वाचकांचे १,००० वॅट, म्हणजे वर्षाला ८,७६० युनिट वीज. हे सगळं ०.२ मोनेरोसाठी, आणि बिल दुसऱ्याच्या नावावर. जाहिरातीत वाचकाचं लक्ष जातं, इथे पैसे जातात. तो रागावतो ते यामुळे, आणि त्याचं काही चुकत नाही.

सप्टेंबर २०१७मध्ये पायरेट बे या साइटने काही पानांवर न सांगता मायनर चालवून पाहिला. वाचकांच्या लगेच लक्षात आलं, कारण प्रोसेसर एकदम वर गेला होता. फेब्रुवारी २०१८मध्ये सलॉन या अमेरिकी नियतकालिकाने वेगळा मार्ग घेतला: जाहिराती अडवणाऱ्या वाचकाला सरळ विचारलं, जाहिराती बघता की थोडी संगणकशक्ती देता? त्याच वर्षी युनिसेफ ऑस्ट्रेलियाने देणगीसाठी एक पान काढलं. ते उघडं ठेवायचं आणि किती शक्ती द्यायची ते देणाऱ्यानेच ठरवायचं. या शेवटच्या प्रकारातच आज काही अर्थ उरला आहे. वाचक ते पान मुद्दाम, मदत म्हणून उघडतो, त्यामुळे ते तासभर उघडं राहतं, आणि फसवल्याची भावनाही येत नाही.

कायद्याचं म्हणाल तर जपानमधलं प्रकरण बघा. तिथल्या एका वेब डिझायनरवर साइटमध्ये न विचारता कॉइनहाइव्ह बसवल्याबद्दल फौजदारी खटला झाला. २०१९मध्ये जिल्हा न्यायालयात सुटका, २०२०मध्ये उच्च न्यायालयात दोषी आणि एक लाख येन दंड, शेवटी २० जानेवारी २०२२ला सर्वोच्च न्यायालयात निर्दोष. सुटला खरा, पण एका स्क्रिप्टपायी किती वर्षं गेली. त्याआधी, २०१३मध्ये, अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी हॅकेथॉनसाठी केलेल्या टिडबिट नावाच्या अशाच प्रकल्पालाही न्यू जर्सी राज्याने नोटीस पाठवली होती. तुमच्या देशातला कायदा वेगळा असेल. 'गोपनीयता धोरणात एक ओळ लिहिली आहे' ही मात्र संमती नव्हे, हे कुठेही धरून चला.

संमती मागायची तर बटण साध्या शब्दांत हवं: 'तुमचा प्रोसेसर वापरून आम्ही क्रिप्टोचलन तयार करू, वीज थोडी जास्त लागेल.' होकार येईपर्यंत मायनरची फाइलसुद्धा उतरवू नका. थांबवायचं बटण कायम डोळ्यांसमोर ठेवा. नकार लक्षात ठेवा आणि पुढच्या पानावर पुन्हा विचारू नका. एका वाचकाने पाच टॅब उघडले तर मायनर एकातच चालला पाहिजे. मोबाइल तर वगळाच. बॅटरीची स्थिती सगळे ब्राउझर सांगत नाहीत, त्यामुळे 'चार्जिंगला असेल तरच चालवू' हे वचन तुम्हाला पाळता येणार नाही.

थ्रॉटलचा उलटा अर्थ

छोटी चूक, मोठा घोळ. थ्रॉटल म्हणजे मायनरला आवरायचं सेटिंग. कॉइनहाइव्हमध्ये थ्रॉटल ०.३ म्हणजे ३० टक्के वेळ विश्रांती. बरेच जण त्याचा अर्थ ३० टक्के वापर असा घेत आणि ७० टक्के वापर करून बसत. आजच्या प्रत्येक मायनरमध्ये हा आकडा कोणत्या बाजूने मोजतात ते आधी पाहा आणि मग टास्क मॅनेजरमध्ये खात्री करा. ब्राउझर प्रोसेसरचे जितके गाभे सांगतो तितके सगळे वर्कर (पानामागे समांतर चालणारी कामं) कधीच सुरू करू नका; पान अडखळतं आणि वाचक जातो.

स्क्रिप्ट बसवली, पण काहीच होत नाही

इथवर हिशेब पटला असेल, संमतीचं बटण तयार असेल, तरच हा भाग तुमच्या कामाचा.

सगळ्यात आधी दुसऱ्या ब्राउझरमध्ये, अ‍ॅड-ब्लॉकर बंद करून पाहा. ऑपेराने जानेवारी २०१८मध्ये मायनर अडवायची सोय आणली, फायरफॉक्स सप्टेंबर २०१९पासून ओळखीचे मायनर आपोआप अडवतो आणि अ‍ॅड-ब्लॉकरांच्या याद्याही आहेतच. तिथे अडत असेल तर फाइलचं नाव बदलून लपवाछपवी करू नका. ज्याने अडवलंय त्याने नकारच दिलाय.

ब्राउझर पूलशी थेट बोलू शकत नाही, हेही पुष्कळांना माहीत नसतं. पूल साध्या टीसीपी जोडणीवर चालतात आणि ब्राउझरला तशी जोडणी करता येत नाही, तो वेबसॉकेट वापरतो, त्यामुळे मध्ये प्रॉक्सी, म्हणजे दुभाषासारखा सर्व्हर, लागते. साइट एचटीटीपीएसवर असेल तर वेबसॉकेटही सुरक्षितच हवं, नाहीतर ब्राउझर ते तोडतो आणि कन्सोलमध्ये मिश्र मजकुराची तक्रार दिसते. प्रत्येक वाचकाची स्वतंत्र जोडणी पूलकडे जाऊ दिली तर पूल तुमचा पत्ताच अडवू शकतो. प्रॉक्सीने त्या एकत्र करायच्या असतात. वेबअसेंब्लीची फाइल सर्व्हर चुकीच्या प्रकाराने पाठवत असेल किंवा साइटच्या कंटेंट सिक्युरिटी पॉलिसीत (पानात काय चालू द्यायचं याच्या नियमांत) परवानगी नसेल तरी गाडी तिथेच अडते, पण ही दोन्ही कारणं कन्सोलमध्ये स्पष्ट दिसतात.

मेमरीची अडचण जास्त फसवी आहे. रँडमएक्सची २५६ मेगाबाइटची कॅशे (आधी भरून ठेवायची माहिती) सगळ्या वर्करमध्ये वाटून घ्यायची तर पानाला 'क्रॉस-ओरिजिन आयसोलेशन'ची खास हेडर (सर्व्हर पानासोबत पाठवतो त्या सूचना) लावावी लागतात. ती नसतील तर प्रत्येक वर्कर स्वतःची कॅशे घेतो आणि चार वर्करमध्ये एक गिगाबाइट संपतं. ती हेडर लावली तर पानातले बाहेरचे व्हिडिओ किंवा नकाशे अचानक दिसेनासे होतात, आणि दोन गोष्टींचा संबंध लक्षात यायला वेळ लागतो. म्हणूनही मायनरला वेगळं पान द्यावं.

'वाचक लवकर जातात, म्हणून काम वाया जातं' हा समज मात्र अर्धाच खरा आहे. प्रत्येक हॅश म्हणजे सोडतीचं नवं तिकीट. आधीच्या हॅशमुळे पुढच्याची शक्यता वाढत नाही, त्यामुळे मध्येच उठून गेल्याने साठवलेलं काही बुडत नाही. पूलकडे पाठवायच्या कामाची डिफिकल्टी (काठिण्य) कमी केली तर डॅशबोर्डवर आकडा लवकर हलतो, कमाई तेवढीच राहते. खरं वाया जातं ते सुरुवातीचं कॅशे भरण्याचं काम. ब्राउझरमध्ये त्यालाच काही सेकंद लागतात आणि भेट अर्ध्या मिनिटाची असेल तर तो तोटा मोठा आहे.

स्क्रिप्ट दुसऱ्याच्या सर्व्हरवरून ओढणं

११ फेब्रुवारी २०१८ला ब्राउझअलाउड ही मजकूर वाचून दाखवणारी सेवा कुणीतरी फोडली आणि तिच्या फाइलमध्ये कॉइनहाइव्ह घुसवलं. ती फाइल वापरणाऱ्या ४,०००हून जास्त साइटी वाचकांच्या नकळत मायनिंग करू लागल्या. त्यांत ब्रिटनच्या माहिती आयुक्तांचीही साइट होती. उलट दिशेनेही झालंय: ऑक्टोबर २०१७मध्ये कॉइनहाइव्हचंच डीएनएस खातं (डोमेन कुठल्या सर्व्हरकडे जातं ते ठरवणारं) जुन्या, पुन्हा वापरलेल्या पासवर्डमुळे चोरांच्या हाती गेलं आणि काही तास साइटमालकांची कमाई तिसऱ्याच्या खिशात पडली. फाइल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा. बाहेरचीच वापरायची असेल तर तिच्या टॅगला इंटिग्रिटी हॅश लावा, म्हणजे फाइल बदलली की ब्राउझर ती चालवणार नाही.

मायनर लावलाच नाही, तरी तक्रारी येतात

'तुमची साइट उघडली की पंखा फिरतो' असं दोघा-तिघांनी सांगितलं तर ते गंभीरपणे घ्या. लॉगआउट होऊन, खासगी खिडकीत, मोबाइलवर आणि सर्च इंजिनच्या निकालावरून आत येऊन, असं चारही प्रकारे पान उघडा. घुसवलेला कोड बऱ्याचदा मालकाला दिसू नये अशाच बेताने लिहिलेला असतो. डेव्हलपर टूल्सच्या नेटवर्क भागात अनोळखी वेबसॉकेट किंवा वेबअसेंब्ली फाइल दिसते का ते पाहा. मग थीमच्या फाइली, डेटाबेसमधला मजकूर, टॅग मॅनेजर आणि प्लगिन या क्रमाने मूळ शोधा. २०१८मध्ये द्रुपल या सीएमएसमधल्या (साइट चालवायच्या सॉफ्टवेअरमधल्या) एका मोठ्या त्रुटीतून असे मायनर अनेक साइटींत शिरले होते, आणि ज्यांनी नुसती स्क्रिप्ट पुसली त्यांची वाट उघडीच राहिली. आधी सीएमएस आणि प्लगिन अद्ययावत करा, मग अनोळखी अ‍ॅडमिन खाती काढा, सगळे पासवर्ड बदला आणि शेवटी स्क्रिप्ट पुसून सर्व्हर आणि सीडीएन (पानांच्या प्रती वाटणारी सेवा) दोन्हींकडच्या साठवलेल्या प्रती रिकाम्या करा.