नव्या स्क्रम मास्टरला बोर्ड उजवीकडून वाचायला लावा

अजाईल टीम, म्हणजे थोडं थोडं काम पूर्ण करून दाखवत पुढे जाणारी टीम, चालवणं स्लाइड बघून येत नाही. लातूरकडच्या नव्या स्क्रम मास्टरला (टीमची कामाची पद्धत सांभाळणाऱ्याला) आठवडाभराचा खराच स्प्रिंट, म्हणजे ठरावीक मुदतीतला कामाचा टप्पा, द्या. विषय ओळखीचा, समजा मोंढ्यातली सोयाबीनची पावती मोबाइलवर दाखवणं. रोजच्या 15 मिनिटांच्या बैठकीत "काल काय केलं?" असं एकेकाला विचारू देऊ नका, माणसं साहेबापुढे हजेरी दिल्यासारखी बोलतात. बोर्डवर प्रत्येक कामाचं कार्ड डावीकडून उजवीकडे, 'झालं'कडे सरकत जातं. तो उजवीकडून वाचायचा: टेस्टिंगमध्ये अडकलेलं 'हमाली-तोलाई' कार्ड आधी. ते पुढे सरकायला काय हवं, मदतीला कोण येतंय? चौघांच्या टीमला 'चालू काम' रकान्यात तीनच कार्डं ठेवू द्या. चौथ्याला मग टेस्टिंगला हात लावावाच लागतो. शिकवणाऱ्यानं तेव्हा गप्प बसायचं, आणि तेच सगळ्यात अवघड. शेवटच्या दिवशी ॲप खऱ्या अडत्याच्या हातात द्या. तो जिथं अडखळेल, ते पुढच्या स्प्रिंटचं पहिलं कार्ड.