हाताने केलेल्या वस्तू परदेशात टपालाने विकताना: कस्टम्सचा फॉर्म कसा भरायचा, शुल्क कसे बसते

कस्टम्सच्या अधिकाऱ्यापुढे फॉर्म असतो आणि फार तर एक्स-रेचे चित्र. दोन्हींचा मेळ बसला तर खोके न उघडता पुढे जाण्याची शक्यता वाढते. 'भेटवस्तू', 'कपडे', 'हस्तकला' असे मोघम लिहिले की मेळ घालायला काही उरतच नाही आणि पार्सल बाजूला काढून ठेवले जाते.

म्हणून वर्णनात चार गोष्टी याव्यात: वस्तू काय, कशाची, कशी केलेली, किती नग. 'स्त्रियांची शाल, १०० टक्के लोकर, सुयांवर विणलेली, १ नग' हे पुरेसे आहे. फॉर्मवर हे इंग्रजी, फ्रेंच किंवा जिथे जाणार त्या देशाला चालणाऱ्या भाषेत लिहायचे. २०२१ पासून जागतिक टपाल संघाच्या नियमानुसार हीच माहिती पार्सलच्या आधी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पोचावी लागते. ऑनलाइन एक आणि लेबलवर दुसरे असे होऊ देऊ नका.

हलक्या पाकिटासाठी, म्हणजे २ किलोपर्यंत वजन आणि ३०० एसडीआरपर्यंत किंमत असेल तर, सीएन २२ हा छोटा फॉर्म चालतो. त्यापुढे सीएन २३. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे एकक आहे. तुमच्या चलनातली मर्यादा टपाल खाते सांगते. फॉर्मवर 'विक्रीचा माल' या चौकटीत खूण करा, सही आणि तारीख विसरू नका. सीएन २३ सोबत बीजक पारदर्शक पाकिटात घालून बाहेरून चिकटवावे. आत टाकलेले बीजक पाहायचे तर खोके फोडावेच लागते.

आता एचएस कोड, म्हणजे वस्तू कोणत्या प्रकारची हे कस्टम्सला सांगणारा क्रमांक. त्याचे पहिले ६ अंक जवळपास सगळ्या देशांत सारखे असतात, पुढचे अंक ज्याचे त्याचे. कोड ठरतो तो साहित्य आणि कृतीवरून. सुयांवर विणलेली शाल ६११७.१० मध्ये येते, तर मागावर विणलेली लोकरीची शाल ६२१४.२० मध्ये. चांदीचे दागिने ७११३, खोटे दागिने ७११७. भाजलेल्या मातीचा कप ६९१२, पोर्सिलेनचा ६९११. मेणबत्ती ३४०६. हाताने रंगवलेले चित्र ९७०१. 'हस्तनिर्मित' लिहिल्याने बहुतेक ठिकाणी शुल्क आपोआप कमी होत नाही. लिहायला हरकत नाही, पण भरवसा ठेवू नका.

मूळ देश म्हणजे वस्तू जिथे घडली तो देश. तयार वस्तू आणून नुसती नव्या खोक्यात भरली तर मूळ देश बदलत नाही.

किंमत ग्राहकाने खरोखर दिली तीच लिहायची. ग्राहक कधी कधी 'भेट म्हणून दाखवा' किंवा 'किंमत कमी टाका' असे गळ घालतात. दोन्ही खोटे जाहीरनामे आहेत, आणि अंगावर येतात सही करणाऱ्याच्या. शिवाय पार्सल हरवले तर भरपाई जाहीर केलेल्या किमतीपुरतीच मागता येते. बदली म्हणून फुकट पाठवलेल्या वस्तूचीही किंमत शून्य नसते; तिची खरी किंमत लिहून शेजारी 'बदली' अशी नोंद करा.

ग्राहकाला किती पडेल ते आधीच सांगता येते. समजा वस्तू १८० युरोची, टपालखर्च २० युरो, शुल्क १० टक्के, व्हॅट २० टक्के. युरोपीय संघात शुल्क टपालखर्चासह २०० वर बसते: २०. व्हॅट २२० वर: ४४. एकूण ६४, शिवाय टपाल खात्याचे हाताळणी शुल्क. हा आकडा दारात पहिल्यांदा कळला तर ग्राहक पार्सल नाकारतो.

मर्यादा देशागणिक वेगळ्या आणि सतत बदलत्या. युरोपीय संघात १५० युरोपर्यंतच्या मालाचा व्हॅट आयओएसएस या, आयात मालावरचा व्हॅट भरण्यासाठी असलेल्या, नोंदणीतून विक्रीच्या वेळीच घेता येतो. ब्रिटनमध्ये अशीच सीमा १३५ पौंडांची आहे. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबवली. शुल्क आधीच भरून पाठवण्याची सोय आपल्या टपाल खात्याकडे आहे का, हे विचारल्याशिवाय तिकडची ऑर्डर घेऊ नये. विक्री मोठ्या संकेतस्थळावरून होत असेल तर कर बहुधा तेच गोळा करते. त्याचा आयओएसएस क्रमांक इलेक्ट्रॉनिक माहितीत गेला नाही, तर मात्र ग्राहकाकडून व्हॅट दुसऱ्यांदा मागितला जातो.

साहित्याकडेही बघा. प्रवाळ, हस्तिदंत, काही पिसे, काही शिंपले आणि शिसवीसारखे काही लाकूड साइटिस कराराखाली, म्हणजे धोक्यात आलेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली, येते. त्याला परवाना लागू शकतो. खोक्यात गवत किंवा पेंढा भरू नका, अनेक देश तो अडवतात, कागद वापरा. अल्कोहोल असलेले अत्तर टपालाने बहुधा जातच नाही.

पार्सल पोचले नाही तर 'परत पाठवा' की 'सोडून द्या', हे पार्सलच्या फॉर्मवर आधीच ठरवावे लागते. स्वस्त वस्तूसाठी परतीचा खर्च किमतीहून जास्त होऊ शकतो. परत मागवायचे असेल तर पाठवल्याची पावती आणि फॉर्मची प्रत जपून ठेवा. ती नसेल तर स्वतःच्याच वस्तूवर आयात शुल्क भरायची पाळी येते.