लग्नाच्या जुन्या फोटोतली गाडी ओळखायची कशी?
भो, पारोळा-अमळनेरकडच्या लग्नाच्या जुन्या फोटोत नवरदेवाची गाडी हारांनी झाकलेली असते, त्यामुळे बॅज शोधत बसू नका, आधी दारं बघा. पुढचं दार उलटं उघडत असंल, म्हणजे बिजागरं मागच्या बाजूला, तर जुनी फियाट ११००, तिलाच डुक्कर फियाट म्हणायचे. आता अँबेसेडर वाटली तर थांबा, मागच्या मडगार्डला छोटे पंख असतील तर अँबेसेडरच, पण मागून गोल गुळगुळीत असंल तर १९५० च्या दशकातली लँडमास्टर, इथं भले भले फसतात (मी पण). बॉनेट मडगार्डासकट अख्खं पुढं उलटलेलं दिसलं तर स्टँडर्ड हेरल्ड. अन् प्लेटवर एमएच १९ वाचून खुश होऊ नका, ते फक्त जळगाव पासिंग.