इंग्रजी आडनावाचं मूळ कसं शोधायचं? थॅकरे घेऊन करून बघू

कुठल्याही इंग्रजी आडनावाचा अर्थ गूगल दोन सेकंदात सांगतं आणि घोळ तिथूनच सुरू होतो. वर येणाऱ्या बऱ्याच साइट्स एकमेकांचंच उचलून चिकटवतात, खाली ढाल-तलवारीचं रंगीत चित्र असतं आणि ते चित्र छापलेला चहाचा मग विकायला ठेवलेला असतो. ते चित्र आधी डोक्यातून काढा. इंग्लंडात असली मानचिन्हं एका माणसाला आणि त्याच्या वंशजांना मिळतात, आडनावाला मिळत नाहीत, आणि हा कारभार १४८४ पासून लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स बघतंय. म्हणजे आडनाव सारखं आहे म्हणून ढाल तुमची, असं काही नसतं.

उदाहरणाला थॅकरे घेऊ. आपल्याकडे हे नाव ऐकलं की लगेच ठाकरे आठवतात आणि प्रबोधनकारांनी विल्यम मेकपीस थॅकरे या लेखकावरून स्पेलिंग उचललं हेही सर्रास सांगितलं जातं. खरं असलं तरी ते फक्त स्पेलिंगपुरतं, मराठी ठाकरे आणि इंग्रजी थॅकरे ही मुळात दोन वेगळी आडनावं, एकाचा अर्थ दुसऱ्याला लावायचा नाही.

सगळ्यात आधी, स्पेलिंगवर अजिबात विसंबू नका. जुन्या काळी पाद्री किंवा कारकून कानाला जसं ऐकू येईल तसं लिहायचे, त्यामुळे एकाच घराण्याची तीन स्पेलिंग सहज सापडतात. थॅकरेचंच बघा, लेखकाच्या नावात सी-के नंतर ई आहे, लीड्सच्या थॅक्रे मेडिकल म्युझियमच्या नावात तो ई नाही, आणि कामगारांच्या आजारांवर १८३१ मध्ये पुस्तक लिहिणारा लीड्सचाच डॉक्टर चार्ल्स टर्नर थॅक्रा, त्याच्या नावाच्या शेवटी वायच्या जागी एच. म्हणून सर्च करताना पूर्ण नाव टाकायचं नाही, पहिली पाच अक्षरं टाकून पुढे तारा म्हणजे स्टार द्यायचा, बऱ्याच साइट्सवर चालतं. काही ठिकाणी साउंडेक्स नावाचा पर्याय असतो, तो उच्चारावरून कोड बनवतो, पहिलं अक्षर ठेवतो, स्वर गाळतो आणि बाकीच्या व्यंजनांना आकडे देतो. थॅकरेचा कोड येतो टी २६०. आता गंमत अशी की ठाकरे, ठाकूर, ठक्कर हे रोमन लिपीत लिहिले तर त्यांचाही कोड टी २६०च येतो! त्यामुळे भारतातल्या रेकॉर्डमध्ये साउंडेक्स लावलं तर समोर जो ढीग येईल त्यात निम्मी आपलीच मंडळी असतील.

मग आडनाव कुठल्या प्रकारचं आहे ते बघा. ढोबळमानाने चार प्रकार असतात. धंद्यावरून (स्मिथ म्हणजे लोहार, टेलर म्हणजे शिंपी), बापाच्या नावावरून (जॉन्सन), गावावरून किंवा जागेवरून (हिल, वुड) आणि रंगरूप, स्वभावावरून पडलेलं (ब्राउन, आर्मस्ट्राँग). आपल्या सुतार, कुलकर्णी, चिपळूणकर वगैरेंमुळे हे समजायला आपल्याला फार वेळ लागत नाही. पण थॅकरे इथेच फसवतं. थॅच म्हणजे गवताने शाकारलेलं छप्पर आणि थॅकर म्हणजे ते शाकारणारा, उत्तर इंग्लंडात असंच म्हणायचे, मग थॅकरे पण त्यातलाच, असं वाटतं ना? तर नाही. थॅकर हे धंद्याचं आडनाव आहे, थॅकरे जागेचं. (त्यात गुजराती ठक्करही कधीकधी थॅकरसारखं स्पेलिंग करतात आणि एसएनडीटीतल्या ठाकरसींचं स्पेलिंगही तसंच सुरू होतं, तो आणखी वेगळा गुंता.)

अर्थासाठी भरवशाची गोष्ट म्हणजे ऑक्सफर्डचा ब्रिटन आणि आयर्लंडच्या आडनावांचा कोश, २०१६ मध्ये चार खंडांत आलाय, ४५ हजारांवर आडनावं आहेत. विकत घ्यायला जाऊ नका, जाम महाग आहे, ब्रिटनमध्ये कोणी नातेवाईक असेल तर त्यांच्या लायब्ररी कार्डावर ऑनलाइन मिळतो का ते विचारा. असे कोश नुसता अर्थ देत नाहीत, जुन्या कागदांत ते नाव कुठे आणि कुठल्या साली सापडलं तेही देतात, आणि खरा माल तोच असतो. ज्या साइटवर अर्थ आहे पण साल आणि गाव नाही ती बंद करा.

तर थॅकरे म्हणजे काय? उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशायरच्या वेस्ट रायडिंग भागात ग्रेट टिंबल नावाच्या भागात थॅक्रे नावाची जागा होती. नाव नॉर्स भाषेतलं, व्हायकिंग लोकांनी नवव्या शतकात यॉर्क घेतलं आणि त्या मुलखात त्यांची भाषा गावांच्या नावांत मुरली. पहिला तुकडा शाकारायच्या लव्हाळ्यांचा, दुसऱ्याचा अर्थ कोपरा, म्हणजे छपरासाठी लव्हाळी मिळायची तो कोपरा. तिथून उठून दुसरीकडे गेलेल्या माणसाला लोक 'थॅक्रेचा' म्हणाले असणार, बस्स. ती जागा आता बघायला मिळत नाही, लीड्स शहराला पाणी द्यायला वॉशबर्न नदीवर धरणं बांधली त्यातल्या फ्यूस्टन तलावाखाली गेली, तो तलाव १८७९ मध्ये पुरा झाला.

अर्थ सापडला की तो नकाशावर तपासायचा, आणि हे लोक करतच नाहीत! जागेवरून आलेलं आडनाव असेल तर जुन्या काळी त्या जागेच्या आसपास त्याची गर्दी दिसायला पाहिजे, नाही दिसली तर अर्थावर शंका घ्या. यासाठी १८८१ ची जनगणना बेस्ट, फॅमिलीसर्च या साइटवर फुकट अकाउंट काढून बघता येते. फक्त एक करा, नुसते आकडे मोजू नका, लोकसंख्येच्या मानाने किती ते बघा, नाहीतर प्रत्येक आडनाव लंडनचंच वाटेल. अजून मागे जायचं असेल तर जन्म-मृत्यू-लग्नाची सरकारी नोंद जुलै १८३७ पासून आहे, तिची सूची फ्रीबीएमडी या साइटवर फुकट मिळते, त्याआधी चर्चची दप्तरं १५३८ पासून, आणि वेस्ट रायडिंगचं नशीब एवढं चांगलं की १३७९ च्या डोईपट्टीच्या याद्यासुद्धा टिकल्यात. लेखक थॅकरेचं घराणं हॅम्प्सथ्वेट गावचं, साधे शेतकरी, आणि ते गाव फ्यूस्टनपासून काही मैलांवर आहे. म्हणजे इथे कोश आणि कागद जुळले.

आता लोकप्रियता. नाव प्रसिद्ध असणं आणि नावाची माणसं जास्त असणं यात खूप फरक आहे. स्मिथ इंग्लंडमध्ये पहिल्या नंबरवर, अमेरिकेत २०१० च्या जनगणनेत तब्बल २४,४२,९७७ स्मिथ निघाले, कारण गावोगावी लोहार होता आणि प्रत्येक लोहाराचं घराणं वेगळं. जोन्सचं तसंच, वेल्समध्ये आडनावं उशिरा पक्की झाली, पोरांची नावं मोजकीच, त्यामुळे जॉनच्या पोरांचे भाराभर जोन्स झाले. थॅकरे निघालं एका कोपऱ्यातून, तर ते भाराभर कुठून होणार? आकडे बघायचे तर अमेरिकेचं जनगणना खातं शंभर किंवा जास्त वेळा आलेली आडनावं फुकट देतं. जगभरचे आकडे देणाऱ्या साइट्सवर मात्र जपून, स्पेलिंगवर मोजलं की भारतातले ठाकरे थॅकरेंच्या खात्यात पडणार आणि मग भारत हा थॅकरेंचा देश आहे असंही वाचायला मिळेल!

तुमचा माणूस कंपनी सरकारच्या काळात इकडे आलेला असेल तर इंग्लंडचे कागद पुरणार नाहीत. लेखक थॅकरे स्वतः १८११ मध्ये कलकत्त्यात जन्मला, त्याचा आजा सिल्हेटला हत्ती पकडून कंपनीला विकायचा, आणि चुलता सेंट जॉन थॅकरे धारवाडचा कलेक्टर, १८२४ मध्ये कित्तूरला राणी चेन्नम्माच्या फौजेकडून मारला गेला तो हाच. अशांसाठी फिबिस नावाच्या संस्थेचा डेटाबेस आहे, ब्रिटिश काळात भारतात राहिलेल्या घराण्यांचा, सर्च फुकट. तिथे नाही मिळालं तर ब्रिटिश लायब्ररीतलं इंडिया ऑफिसचं दप्तर, त्यात बंगाल, मद्रास, मुंबई इलाख्यांतल्या चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न, दफनाच्या नकला लंडनला पाठवलेल्या आहेत, इलाख्याप्रमाणे वेगळ्या लावलेल्या. मुंबई इलाख्याच्या फाइल्स एन/३ या नंबराखाली मागायच्या.