निकाल लागल्यानंतर: पदवीचा अर्ज, समारंभ आणि माजी विद्यार्थ्यांची नोंद

शेवटच्या सत्राचा निकाल लागला की पेढे वाटायला हरकत नाही. पण विद्यापीठाच्या लेखी पदवी बहाल होते ती दीक्षान्त समारंभात. मधल्या काही महिन्यांतली कामं अवघड नाहीत. प्रत्येकाला मुदत मात्र आहे, आणि ती कुणी घरी येऊन सांगत नाही. पुढचं सगळं मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा राज्य विद्यापीठांशी संलग्न कॉलेजांतून पास झालेल्यांना धरून लिहिलं आहे. स्वायत्त आणि अभिमत संस्थांत खिडक्या वेगळ्या, कामं तीच.

आधी नाव तपासा

पदवी प्रमाणपत्रावर नाव देवनागरी आणि इंग्रजी अशा दोन्ही लिप्यांत छापलेलं असेल, तर चूक बहुधा देवनागरी बाजूला सापडते. प्रवेशाच्या वेळी नाव इंग्रजीत भरलेलं असतं आणि त्यावरून संगणक मराठी नाव बनवतो. इंग्रजी अक्षरांत ठ-थ, ड-द, ळ-ल, ण-न हे फरक उरत नाहीत. म्हणून साठ्यांचे साथे होतात, काळ्यांचे काले आणि कदमांचे कडम. पाटील हमखास ‘पाटिल’ होतात. सगळ्यात जास्त हाल होतात ते गोऱ्हे, कुऱ्हाडे, बऱ्हाटे अशा आडनावांचे, कारण ‘ऱ्ह’च्या जागी रफार येऊन बसतो आणि कागदावर ‘गोर्हे’ उमटतं.

अर्जात देवनागरी नावाची चौकट आपोआप भरलेली दिसली तर ती पुसा आणि नाव स्वतः टाइप करा. ‘ऱ्ह’साठी नुक्ता असलेला ऱ, मग हलन्त, मग ह या क्रमाने कळा दाबायच्या. अर्ज पाठवण्याआधी दिसणारा नमुना मोबाइलवर नाही, मोठ्या पडद्यावर वाचा. आईवडिलांची नावंही वाचा. आपलं नाव सगळे तपासतात, आईच्या नावातली वेलांटी तशीच राहते. छपाईआधी दुरुस्ती म्हणजे एक अर्ज. छपाईनंतर तेच काम मूळ प्रमाणपत्र परत करणं, प्रतिज्ञापत्र, शुल्क आणि काही आठवड्यांची वाट असं वाढतं.

शिक्षण सुरू असताना किंवा संपल्यावर लग्न झालं असेल तर पदवीवर सासरचं नाव घालायच्या मागे लागू नका. पदवी सहसा परीक्षेच्या नोंदीतल्या नावानेच निघते आणि तेच सोयीचं असतं, कारण दहावीपासूनची सगळी कागदपत्रं त्याच नावाची असतात. नंतर कुठे अडलंच तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नाव-बदलाची जाहिरात जोडता येते.

अर्ज

अनेक विद्यापीठांत पदवी आपोआप येत नाही, दीक्षान्त समारंभासाठी ऑनलाइन अर्ज करावा लागतो. काही ठिकाणी कॉलेजच सगळ्यांची यादी पाठवतं. आपल्याकडे यातलं काय चालतं हे परीक्षा विभागात विचारून घ्या. वर्गातल्या मित्राचं उत्तर यात धरू नये. तो वेगळ्या शाखेचा असेल तर नियमही वेगळा असू शकतो.

अर्जाआधी हे जवळ ठेवा: कायम नोंदणी क्रमांक म्हणजे पीआरएन, शेवटच्या परीक्षेचा बैठक क्रमांक, सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, एबीसी आयडी म्हणजे श्रेयांक जमा होतात त्या राष्ट्रीय खात्याचा क्रमांक, आणि चालू मोबाइल क्रमांक. पुनर्मूल्यांकनात गुण बदलले असतील तर नवी गुणपत्रिका हातात आल्यावरच अर्ज करा. जुन्या गुणांवर केलेला अर्ज अडकतो आणि तो अडकला आहे हे समारंभाच्या तोंडावर कळतं. मधल्या वर्षाचा एखादा विषय बाकी असताना शेवटच्या सत्राचा निकाल ‘उत्तीर्ण’ दिसतो, पण पदवीचा वर्ग जाहीर होत नाही. तसं असेल तर आधी तो विषय.

नोकरी किंवा पुढचा प्रवेश समारंभाच्या आधी असेल तर तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र घ्या. विद्यापीठ बदलणार असाल तर मायग्रेशन, आणि कॉलेज सोडल्याचा दाखला दोन्ही बाबतींत. परदेशी अर्जासाठी ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांचा विद्यापीठाने प्रमाणित केलेला उतारा, वेगळं मागवावं लागतं. ते बऱ्याचदा विद्यापीठाकडूनच, मोहोरबंद पाकिटात किंवा थेट ऑनलाइन पोचावं लागतं. पाकीट आपण उघडलं की ते बाद. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००८ च्या विनियमांनुसार विद्यार्थी पात्र ठरल्यापासून १८० दिवसांत पदवी द्यायची असते. पत्रव्यवहार करायची वेळ आली तर या नियमाचा उल्लेख अर्जात जरूर करा, चढ्या आवाजापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

त्याच सुमारास डिजिलॉकर, म्हणजे कागदपत्रांचं सरकारी ऑनलाइन कपाट, उघडून पदवी तिथे आली का ते पाहा. विद्यापीठाने तिथे जारी केलेली प्रत मूळ कागदाच्या बरोबरीची मानली जाते. आपण स्वतः स्कॅन करून चढवलेली प्रत मात्र नुसतं छायाचित्र असते. हा फरक मुलाखतीच्या टेबलावर कळू नये. पदवी दिसत नसेल तर बहुतेक वेळा आधारवरचं नाव आणि विद्यापीठातलं नाव जुळत नसतं.

आणि अनामत रक्कम. ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह या तिन्हींची पावती शोधा, ना-देय दाखल्यावर सह्या घ्या आणि बँक खात्याचा तपशील देऊन या. ठरावीक काळ कुणी मागितली नाही तर ही रक्कम कॉलेजकडे जमा होते, आणि लाजेपोटी ती सोडून देणारे पुष्कळ.

समारंभाचा दिवस

दोन वेगळे कार्यक्रम आहेत. विद्यापीठाचा दीक्षान्त समारंभ कुलपतींच्या, म्हणजे राज्यपालांच्या अध्यक्षतेखाली असतो. तिथे व्यासपीठावर सहसा पदकविजेते आणि पीएचडीधारक जातात. बाकीच्यांची पदवी विद्याशाखेनुसार एकत्र बहाल होते: अधिष्ठाता नाव पुकारतात ते शाखेचं, सगळे उभे राहतात, घोषणा होते, सगळे बसतात. नाव घेऊन हातात कागद मिळतो तो कॉलेजच्या पदवी प्रदान समारंभात. घरच्यांना गावाहून बोलवायचं असेल तर कॉलेजच्या कार्यक्रमाला बोलवा. विद्यापीठाच्या मांडवात पाससुद्धा मोजके असतात, आणि मुंबईत फोर्टमधलं सर कावसजी जहांगीर सभागृह कितीही देखणं असलं तरी लाखभर पदवीधर त्यात मावत नाहीत.

पोशाखाचं परिपत्रक दर वर्षी नव्याने वाचा. झगा आणि टोपी बऱ्याच ठिकाणी जाऊन उपरणं आलं आहे. पुण्यात २०१९ च्या समारंभात पुणेरी पगडी की फुले पगडी यावरून विद्यार्थ्यांनी निदर्शनं केली होती, तेव्हा गेल्या वर्षीचे फोटो पाहून कपडे शिवू नका. उपरणं खांद्यावरून घसरतं. आतल्या बाजूने एक सेफ्टी पिन लावली की टाळ्या वाजवताना हात मोकळे राहतात. उपरणं परत करायचं असेल तर अनामत पावती खिशात ठेवा.

राज्यपाल येणार असतील तर प्रवेश बराच आधी बंद होतो, आणि पाठीवरची बॅग आत नेऊ देत नाहीत. ओळखपत्र, पास, पेन, पाणी, बस्स. ज्ञानदंड, म्हणजे विद्यापीठाचा मानदंड, घेतलेल्या अधिकाऱ्यामागून मिरवणूक आत येते, तेव्हा उभं राहायचं आणि जागा सोडून फोटोसाठी पळायचं नाही. फोटो सकाळीच काढून घ्या. कार्यक्रम संपल्यावर प्रवेशद्वारापाशी गर्दी असते, वर ऊन असतं आणि सगळ्यांचे डोळे मिटलेले येतात.

प्रमाणपत्र हातात घेऊन काढलेला फोटो टाकताना अनुक्रमांक, पीआरएन आणि क्यूआर कोडवर बोट किंवा स्टिकर ठेवा. खोट्या पदव्या बनवणाऱ्यांना खरा क्रमांक हवाच असतो.

कागद घरी आला की लॅमिनेशन करू नका. हे पुन्हा पुन्हा सांगूनही चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे रांग असते. उष्णतेने छपाईची शाई आणि होलोग्राम बिघडू शकतात, आणि परदेशी जाताना साक्षांकनाचा शिक्का, अपोस्टिलची (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणूनच्या सरकारी प्रमाणनाची) चिकटपट्टी त्याच कागदावर लावायची असते. लॅमिनेट केलेला कागद त्यासाठी नाकारला जाऊ शकतो. जाड पारदर्शक फोल्डर, घडी न घालता, स्टीलच्या कपाटात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात त्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका, नाहीतर बुरशी आणि कसर दोन्ही पोचतात. भिंतीवर लावायची तर रंगीत प्रत चौकटीत बसवा. आजीला तीही तितकीच आवडते.

माजी विद्यार्थी व्हायचं ते असं

सगळ्यात आधी ईमेल. कॉलेजने दिलेला पत्ता पदवीनंतर काही महिन्यांत बंद होऊ शकतो आणि त्याबरोबर ड्राइव्हवरचे प्रकल्प, गुणांच्या प्रती, नोकरीच्या संकेतस्थळांचे पासवर्ड सगळं जातं. गूगलचं खातं असेल तर ‘टेकआउट’मधून प्रत उतरवून घ्या आणि सगळीकडे वैयक्तिक पत्ता भरा. माजी विद्यार्थी संघाकडेही हाच पत्ता द्या.

संघ दोन पातळ्यांवर असतो: कॉलेजचा, आणि विद्यापीठाच्या विभागाचा किंवा केंद्रीय. दोन्हीकडे नाव नोंदवा, पण जीव कॉलेजच्या संघात ओता, माणसं तिथे भेटतात. आजीव सभासदत्वाचे पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली आहे का? बँक खातं संस्थेच्या नावाने आहे का, की कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर पैसे मागतायत? वार्षिक सर्वसाधारण सभा खरोखर होते का? नॅक, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणारी राष्ट्रीय परिषद, हिच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा स्वतंत्र भाग आहे. त्यामुळे समिती यायच्या आधी महिनाभर जागे होणारे संघ असतात. असा संघ दिसला तरी नाव नोंदवाच, पण चेक लिहिण्याआधी हिशेब पाहा.

बॅचची यादी मात्र स्वतःच करावी लागते, आणि ती शेवटच्या परीक्षेच्या आठवड्यातच. नंतर अर्धे लोक सापडत नाहीत. गूगल फॉर्मवर एवढंच विचारा: पूर्ण नाव, प्रवेशाचं वर्ष, उत्तीर्ण वर्ष, वैयक्तिक ईमेल, मोबाइल, कायमचा पत्ता, आणि घरातल्या एकाचा नंबर. प्रवेश आणि उत्तीर्ण वर्ष वेगळी मागायची, कारण ‘२०२२ ची बॅच’ म्हणजे नक्की कोणती यावर दहा वर्षांनी भांडण होतं. नोकरी बदलते, शहर बदलतं. गावातल्या आईवडिलांचा नंबर टिकतो. यादीची मालकी दोघांकडे ठेवा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर विसंबू नका. फोन हरवतात, लोक ‘लेफ्ट’ होतात, ग्रुप सुप्रभातच्या फुलांनी भरतो.

पहिल्या वर्षी देणगीची घाई नको. धाकट्या वर्गाची सराव मुलाखत घ्या, इंटर्नशिपची जागा कळवा, पुस्तकं ग्रंथपेढीत द्या. पहिला स्नेहमेळावा पाच वर्षांनी पुरे. तारीख डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात धरली तर परदेशातलेही येतात. गणपतीत ठेवलात तर कोकणातला एकही माणूस येणार नाही. निमंत्रणात प्राध्यापकांबरोबर ग्रंथपाल, प्रयोगशाळा परिचर, कॅन्टीनवाले काका यांची नावं लिहा, ती कायम विसरली जातात. जमलेला निधी पुढे परदेशातून येऊ लागला तर एक सीमा लक्षात ठेवा: परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत दिलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही. पण ज्याने परदेशी नागरिकत्व घेतलं आहे, ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं) कार्ड असलं तरी, त्याची रक्कम ठरते आणि ती घ्यायला संघाची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या नियमनाच्या कायद्याखालची, नोंदणी लागते.

तीन याद्या, तीन वेगळे अर्ज

माजी विद्यार्थी संघाची यादी एक, उरलेल्या दोन मतदानाच्या. पदवीबरोबर येणारा सर्वांत दुर्लक्षित हक्क मतदानाचा. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. १८६२ मध्ये तिथून पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. आज महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार अधिसभेवर, म्हणजे सिनेटवर, नोंदणीकृत पदवीधर आपले १० प्रतिनिधी निवडून देतात. फी किती, परीक्षा कधी, वसतिगृहाचं काय, हे विषय तिथे मांडता येतात. ‘नोंदणीकृत’ हा शब्द महत्त्वाचा: पदवी असून विद्यापीठाकडे वेगळा अर्ज आणि शुल्क भरलेलं नसेल तर मत नाही. निवडणुकीची अधिसूचना निघेपर्यंत थांबलात तर यादी बंद झालेली असते.

विधान परिषदेचा पदवीधर मतदारसंघ ही त्याहून वेगळी यादी, निवडणूक आयोगाची. महाराष्ट्रात असे सात मतदारसंघ आहेत: मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, औरंगाबाद, अमरावती आणि नागपूर. यादी ज्या वर्षी तयार होते त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला पदवी मिळून किमान तीन वर्षं झालेली हवीत आणि तुम्ही त्या मतदारसंघाचे रहिवासी हवेत. अर्ज नमुना १८ मध्ये, सोबत पदवीची किंवा गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत. ही यादी प्रत्येक निवडणुकीआधी नव्याने तयार होते, म्हणजे मागच्या वेळी नाव होतं म्हणून यंदा असेलच असं नाही. विधानसभेच्या नेहमीच्या यादीत नाव आहे यावर निर्धास्त राहणारेच इथे सर्वाधिक गळतात. गोव्यात विधान परिषद नाही, त्यामुळे तिथल्या रहिवाशांना हा अर्ज नाही.

या मतपत्रिकेवर शिक्का किंवा बरोबरची खूण चालत नाही. उमेदवारासमोर पसंतीचा आकडा लिहायचा, १ लिहिणं सक्तीचं, २, ३ ऐच्छिक. केंद्रावर दिलेल्या पेनानेच लिहायचं. खिशातलं पेन वापरलं किंवा दोघांसमोर १ लिहिला तर मत बाद.