शेजारी देशांना लष्करी मदत: उत्तर लिहिताना या चुका टाळा

नाशिकरोडला स्पर्धा परीक्षेच्या मुलांची उत्तरे तपासताना एक चूक मला दर आठवड्याला दिसते. ‘भारताने मालदीवला दोन ध्रुव हेलिकॉप्टर आणि एक डॉर्निअर विमान दिले’ एवढे लिहून मुले पुढच्या देशाकडे वळतात. पण मदत उपयोगी पडली का, हे त्यानंतरच कळते. १० मे २०२४ पर्यंत मालदीवने ती चालवणाऱ्या भारतीय जवानांना परत पाठवले आणि त्यांच्या जागी भारतातूनच नागरी कर्मचारी गेले. लगेच तिथल्या संरक्षणमंत्र्यांनी कबूल केले, की ही तिन्ही उडवू शकेल असा वैमानिक आपल्या सैन्यात नाही. ओझरच्या एचएएलमध्ये, म्हणजे विमाने बांधणाऱ्या सरकारी कारखान्यात, ज्यांच्या घरचे कोणी कामाला आहे, त्यांना हे लगेच उमगेल. सुखोई लढाऊ विमान बांधून झाले की काम संपत नाही, ते ओव्हरहॉलला पुन्हा तिथेच येते. म्हणून दिलेल्या प्रत्येक वस्तूपुढे लिहा: चालवणार कोण, दुरुस्त करणार कोण, सुटे भाग कुठून येणार?

दुसरी चूक जास्त गंभीर आहे. मालदीव आणि श्रीलंका या दोन मोहिमा एकाच वाक्यात कोंबल्या जातात. ३ नोव्हेंबर १९८८ ला मालदीवची राजधानी मालेत बंड झाले, राष्ट्राध्यक्ष गयूम यांनी मदत मागितली आणि त्याच रात्री आग्र्याहून निघालेले आपले पॅराट्रूपर मालेजवळच्या हुलहुले विमानतळावर उतरले. काम एकच होते, ते काही तासांत झाले. श्रीलंकेत आपली शांतिसेना जुलै १९८७ पासून मार्च १९९० पर्यंत राहिली. सुमारे १,२०० जवान मृत्युमुखी पडले. ज्या करारानुसार ती गेली, तो भारत आणि श्रीलंका या दोन सरकारांनी केला होता. ज्या एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेने शस्त्रे खाली ठेवायची, तिची त्यावर सहीच नव्हती. त्यातून, याच संघटनेच्या लोकांना आधी भारतात प्रशिक्षण मिळाले होते. हे कारण न लिहिता नुसता मृतांचा आकडा देऊ नका. त्या जवानांवर तो अन्याय आहे.

मदत थांबवण्याचे परिणामही विसरू नका. २००५ मध्ये राजा ज्ञानेंद्र यांनी सत्ता हाती घेतल्यावर भारताने नेपाळचा शस्त्रपुरवठा रोखला. त्याच वर्षी तिथे चिनी शस्त्रे पोचली.

आणि भूतान गाळू नका. तिथे १९६२ पासून भारतीय प्रशिक्षण पथक आहे. डिसेंबर २००३ मध्ये दक्षिण भूतानमधले उल्फा, एनडीएफबी आणि केएलओ या भारतविरोधी बंडखोर संघटनांचे तळ भूतानच्या स्वतःच्या सैन्याने उद्ध्वस्त केले. मधली चाळीस वर्षे ‘प्रशिक्षण दिले’ या दोन शब्दांत मावत नाहीत. त्यांना निदान एक परिच्छेद द्या.